निजलेल्या यंत्रास हांक

सदाशिव पेठेंत दुपारीं एक ते चार ह्या वेळांत कोणाच्याहि दाराची कडी वाजवूं नये, असा एक नियम आहे. कांहीं दारांवर तो पाटीवर लिहिलेला आढळतो. जेथें पाटी नसेल तेथें तो दार उघडणाऱ्याच्या मुद्रेवर वाचावा. ह्या पेठेंत निजलेल्यास जागें करणें हा लहान अपराध नव्हे. तथापि गेल्या पावसाळ्यांत मला जवळजवळ दीड महिना ह्याच पेठेंतील एका निजलेल्या प्राण्यास, तोहि लष्करांतील आमच्या घरून, म्हणजे चार-पांच किलोमीटरांवरून, जागें करण्याचा उद्योग करावा लागला. प्राणी म्हणण्याचें कारण इतकेंच कीं, त्यास दिवा आहे, पंखा आहे, स्मरण आहे. आणि हट्ट तर माझ्या आजोबांच्या खालोखाल आहे. तो प्राणी म्हणजे आजोबांचा संगणक.

आजोबा भूगोलाचे शिक्षक होते. १९७२ सालच्या दुष्काळांत, जेव्हां आकाशाकडे पाहण्यावांचून लोकांस दुसरा उद्योग उरला नव्हता, तेव्हां त्यांनीं वाड्याच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक बसविला आणि रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्यांतील पाणी मोजून वहींत लिहिण्याचा नेम धरला. साडेआठच कां, असें मीं लहानपणीं विचारलें असतां ते म्हणाले, "सिमला ऑफिसाची जी वेळ, तीच आपली." हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली, म्हणून शिवाजीनगरांतील त्या इमारतीस अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं साडेआठ ते दुसऱ्या दिवशीं साडेआठ असा मोजला जातो. सरकार मोजीत असतां आपण कशास मोजावें, असेंहि मीं विचारलें होतें. "शिवाजीनगरांत पडलेला पाऊस सदाशिव पेठेंत पडलाच पाहिजे, असें कोठें लिहिलें आहे?" हें त्याचें उत्तर.

ह्या नोंदींच्या चौदा जाड वह्या झाल्या. त्यांतील दोहोंस वाळवी लागली, तेव्हां माझ्या वडिलांनीं आजोबांना संगणक घेऊन दिला. पुढें दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांत आंकडे वाचणारे आजोबा आणि ते टंकणारा मी, असा आमचा कारखाना चालला. 'निरंक' हा शब्द त्या दोन उन्हाळ्यांत मीं जितक्या वेळां ऐकला, तितक्या वेळां माझें स्वतःचें नांवहि ऐकलें नसेल. त्यानंतरची नोंद मात्र ते रोज आपल्या हातानें संगणकांतच करीत आले.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस वाड्याच्या जिन्यावरून पाय घसरून आजोबांच्या मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, आणि ते आमच्या घरीं राहावयास आले. वाड्याचा जिना लांकडी, उभा व अंधारा असून दोराला धरून चढावा लागतो. एकोणऐंशी वर्षांच्या मनुष्यानें तो पुन्हां केव्हां चढावा, किंवा चढावा कीं नाहीं, ह्याविषयीं डॉक्टर स्पष्ट कांहीं बोलले नाहींत. पर्जन्यमापकाची व्यवस्था लागली. शेजारच्या काकूंची मुलगी आठवींत आहे. तिनें रोज पाणी मोजून आंकडा दूरध्वनीवरून कळविण्याचें पत्करलें. प्रश्न राहिला संगणकाचा. वडील म्हणाले, "बाबा, तो आपण इकडे घेऊन येऊं." आजोबा म्हणाले, "यंत्र तेथेंच राहील. मी तेथें जाणार आहें." मग नोंदींची एक प्रत काढून आणण्याची सूचना झाली, ती त्यांनीं ऐकून न ऐकल्यासारखी केली.

हा निवळ हट्ट आहे असें मला वाटलें, आणि मीं तें आईजवळ बोलूनहि दाखविलें. आई भाजी चिरीत होती. ती म्हणाली, "आज टेबलावरचें यंत्र येईल. मागून टेबल येईल, मग पलंग येईल. वाडा पाडावयाचें बोलणें तर केव्हांपासून चाललें आहे. खोली एकदां रिकामी दिसली कीं किल्ली मागावयास लोक येतील." त्यापुढें ती बोलली नाहीं, पण तें यंत्र टेबलावर असेपर्यंत ती खोली आजोबांची होती, हें मला त्या दिवशीं कळलें. आणि मीं मनाशीं ठरविलें कीं, येथें बसून तेथील यंत्र चालविण्याची सोय आपण करून द्यावयाची.

संगणक चालू असला तर दुरून तो चालविणें आज कठीण नाहीं. पण तो चोवीस तास चालू ठेवावा कीं काय? रिकामा चालू संगणक पन्नास वॅट वीज घेतो असें धरिलें, तरी दिवसाला सुमारें सव्वा युनिट आणि महिन्याला छत्तीस युनिटें होतात. शेजारच्या खोलींतील दिवा विझविण्यासाठीं जे जेवतां जेवतां उठतात, त्या आजोबांपुढें हा हिशेब मांडण्याची माझी छाती झाली नाहीं. तेव्हां तो निजलेला असावा, आणि काम पडेल तेव्हां दुरून जागा करावा, हाच मार्ग उरला.

वाचकांपैकीं पुष्कळांस हें ठाऊक नसेल कीं, संगणक 'बंद' असतो तेव्हांहि तो पुरता बंद नसतो. भिंतीवरील कळ चालू असेल तर आंत पांच व्होल्टांचा एक बारीक पुरवठा चालूच राहतो, आणि त्याच्या बळावर, जाळ्याची तार जेथें जोडतात तें कार्ड एक कान उघडा ठेवून पडलेलें असतें. ह्या कानासाठीं एएमडी ह्या कंपनीनें ह्यूलेट-पॅकार्डच्या साह्यानें १९९५ सालीं एक ठराविक हांक रचली. तिला मॅजिक पॅकेट म्हणतात. प्रत्येक कार्डास कारखान्यांतच बारा चिन्हांचें एक नांव मिळालेलें असतें. त्यास मॅक पत्ता अशी संज्ञा आहे. हांकेच्या आरंभीं सहा ठराविक बाइट, म्हणजे कडी वाजविण्यापूर्वीं आपण खांकरतों तसें; आणि त्यामागून तें नांव लागोपाठ सोळा वेळां. नांव सहा बाइटांचें, म्हणून एकंदर हांक १०२ बाइटांची. कार्ड दुसऱ्या कशालाहि ओ देत नाहीं. हें ऐकलें मात्र, कीं सर्व यंत्रास उठवितें. आजोबांना मीं हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "सोळाच वेळां? तुझ्या बापाला उठवावयास तुझी आजी वीस हांका मारी."

पहिल्या रविवारीं मी वाड्यांत जाऊन बसलों. प्रथम यंत्र तेथल्या तेथें उठतें कीं नाहीं हें पाहावयाचें होतें. तें उठेना. एक तर तें बिनतारी जोडलेलें होतें. तेव्हां राउटरपासून टेबलापर्यंत भिंतीच्या कडेनें तार ओढली. मग यंत्राच्या मुळाशीं असलेल्या मांडणींत वीज वांचविण्याची एक आज्ञा आढळली, ती बंद होतांना त्या कार्डाचीहि वीज तोडीत असे, ती काढली. शिवाय २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'जलद आरंभ' म्हणून एक सोय आली आहे. तिच्यामुळें यंत्र खरें बंद न होतां अर्धवट गुंगींत पडतें, आणि त्या गुंगींत हांक ऐकूं येईलच असा भरंवसा नसतो. तीहि काढली. एवढें झाल्यावर यंत्र बंद केलें. तरी तार जोडावयाच्या भोंकाशीं हिरवा दिवा तेवत राहिला. मीं माझ्या फोनवरून हांक मारली, आणि पंखा घुरघुरला! त्या वेळीं दुपारचे दोन वाजले होते. पलीकडून काकूंच्या खोकण्याचा आवाज आला, तो मीं सूचना म्हणून घेतला.

आतां बाहेरून हांक मारावयाची. येथें राउटर म्हणजे कोण, हें वाड्याच्याच भाषेंत सांगतों. वाड्याचा पत्ता एक आणि आंत सात बिऱ्हाडें. टपालवाला दिंडी दरवाज्यापर्यंत येतो. पूर्वीं देवडीवर एक मनुष्य बसत असे. आलेलें पत्र कोणत्या बिऱ्हाडांत द्यावयाचें हें तो पाही. राउटर हा असा देवडीवरचा मनुष्य आहे. बाहेरच्या जगास एकच पत्ता दिसतो, आणि आंतील यंत्रांना तो आपल्यापुरते निराळे पत्ते वाटून देतो. त्यास मीं सांगून ठेवलें कीं, नऊ क्रमांकाच्या खिडकीवर जें येईल तें आजोबांच्या यंत्राकडे पोंचवावें. तें यंत्र दर वेळीं निराळ्या पत्त्यावर भेटूं नये म्हणून त्याचा आंतला पत्ताहि कायमचा नेमून दिला. घरीं आलों, हांक मारली. कांहीं नाहीं.

ह्याचें कारण शोधावयास चार दिवस गेले, आणि तें देवडीच्याहि बाहेर निघालें. राउटर स्वतःचा म्हणून जो पत्ता दाखवीत होता तो १०० ह्या आंकड्यानें सुरू होत होता, आणि जगास दिसणारा पत्ता दुसराच होता. गोष्ट अशी आहे कीं, जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. तेव्हां सेवा देणाऱ्या कंपन्या शेंकडों घरांना मिळून एकच खरा पत्ता देऊं लागल्या, आणि १०० नें सुरू होणारे कांहीं पत्ते २०१२ सालीं ह्याच कामासाठीं राखून ठेवण्यांत आले. म्हणजे आमचा दिंडी दरवाजा रस्त्यावर उघडतच नव्हता. तो आणखी एका मोठ्या वाड्याच्या चौकांत उघडत होता, आणि त्या मोठ्या वाड्याच्या देवडीवरील मनुष्य आमचें कशास ऐकेल? जादा वर्गणी भरून स्वतंत्र पत्ता मागण्यावांचून गत्यंतर नव्हतें. तो मिळावयास नऊ दिवस आणि अकरा फोन लागले. प्रत्येक फोनवर मला प्रथम 'यंत्र बंद करून पुन्हां चालू करून पाहा' असें सांगण्यांत येई. तें माझ्या हातीं असतें तर मीं फोन कशास केला असता, हें मीं त्यांस समजावूं शकलों नाहीं.

नवा पत्ता आला, त्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी वाड्यांत गेलों, यंत्र बंद केलें, जिन्यांत येऊन बाहेरच्या जाळ्यावरून हांक मारली. यंत्र उठलें! पुन्हां बंद केलें, पुन्हां उठलें. विजयी मुद्रेनें सायकल मारीत घरीं आलों, आजोबांना टेबलापाशीं बसविलें, आणि हांक मारली. यंत्र उठलें नाहीं. तीन दिवस हाच प्रकार. पेठेंत उठतें, लष्करांतून उठत नाहीं. अंतराचा ह्याशीं कांहीं संबंध नसतो हें पुस्तकांत स्पष्ट असूनहि, अंतरामुळेंच उठत नसावें असें मला वाटूं लागलें, इतकी माझी मति कुंठित झाली होती.

चौथ्या दिवशीं आजोबा म्हणाले, "उठत नाहीं, उठत नाहीं म्हणतोस. पण किती वेळानें उठत नाहीं?"

मला प्रश्न कळला नाहीं.

"जिन्यांत तूं निजवल्याबरोबर हांक मारतोस. येथें यावयास तुला अर्धा तास लागतो. अंतर बदललें तसा वेळहि बदलला. एका वेळीं एकच बदल. जा, वही घेऊन जा."

मी वही घेऊन गेलों. रविवारची सबंध दुपार जिन्यांत बसून यंत्र निजवावें, घड्याळ पाहावें, हांक मारावी आणि लिहावें, हेंच केलें. दोन मिनिटांनीं उठलें. पांच मिनिटांनीं उठलें. दहा मिनिटांनीं नाहीं. सात मिनिटांनीं नाहीं. सहा मिनिटांनीं एकदां उठलें, एकदां नाहीं. अंतर तेंच, जिना तोच. फरक केवळ वेळाचा. कोणीतरी सहा मिनिटांच्या सुमारास कांहींतरी विसरत होतें.

विसरणारा तो देवडीवरचा मनुष्य होता. त्याच्यापाशीं जणूं एक पाटी व खडू असतो. कोणत्या पत्त्यावर कोणत्या नांवाचें कार्ड राहतें हें तो तिच्यावर लिहितो. ही पद्धत डेव्हिड प्लमर ह्यानें १९८२ सालीं नेमून दिली. तिला संक्षेपानें ए. आर. पी. म्हणतात. पण खडूची अक्षरें कांहीं वेळानें पुसलीं जातात, कारण बिऱ्हाडें बदलतात, आणि जुनी माहिती ठेवण्यापेक्षां पुन्हां विचारणें बरें. पुसलें गेल्यावर पत्र आलें कीं तो चौकांत उभा राहून विचारतो, 'ह्या पत्त्यावर कोण राहतें? आपलें नांव सांगा.' जागें यंत्र तत्काळ ओ देतें. निजलेलें यंत्र कसें देणार? त्याचा कान उघडा आहे तो केवळ त्याच्या नांवाची सोळा वेळां मारलेली हांक ऐकण्यापुरता, आणि ती हांक तर त्या मनुष्याच्या हातांतील बंद पत्रांत! तो पत्र उघडीत नाहीं, तो त्याचा धर्म नव्हे. ओ येत नाहीं म्हणून पत्र टाकून देतो. निजलेल्यानें आधीं आपलें नांव सांगावें म्हणजे त्यास जागें करूं, असा हा न्याय. हें ध्यानांत आलें तेव्हां मी जिन्यांत एकटाच मोठ्यानें हंसलों, आणि काकूंनीं दार उघडून पाहिलें.

तोडगे दोन होते. एक असा कीं, पत्ताच सर्व चौकाच्या नांवानें द्यावा, म्हणजे देवडीवाला कोणास न विचारतां सर्वांच्या कानीं पडेल अशी आरोळी ठोकील. आमचा राउटर तें करण्यास साफ नकार देई; आणि तो नकार योग्यच आहे. बाहेरच्या मनुष्यास दुसऱ्याच्या वाड्यांत अशी आरोळी मारूं दिल्यामुळें पूर्वीं पुष्कळ उपद्रव झाला, म्हणून १९९९ पासून असा मजकूर आपण होऊन आंत न सोडण्याचा दंडक पडला. दुसरा तोडगा सदाशिव पेठेस शोभेसा होता: खडूनें लिहूं नये, पाटी रंगवून खिळ्यानें ठोकावी. राउटरच्या मांडणींत, अगदीं तळाशीं, पत्ता आणि नांव ह्यांची जोडी कायमची बांधण्याची सोय निघाली. मीं ती बांधली. यंत्र बंद करून मुद्दाम लक्ष्मी रस्त्यावरून वळसा घेत, एका तासानें घरीं पोंचलों आणि हांक मारली. अर्ध्या मिनिटानें आमच्या टेबलावर आजोबांच्या यंत्राचा पडदा उमटला. आजोबांनीं चष्मा पुसला, व कांहीं न बोलतां त्या दिवसाचा आंकडा भरला. मागील पांच आठवड्यांचे आंकडे त्यांनीं चिठ्यांवर लिहून उशीखालीं ठेवले होते, हें मला तेव्हां समजलें. तेहि एकामागून एक भरले गेले. त्यांत 'निरंक' थोडेच होते.

जागें करणें आणि आंत शिरणें ह्या गोष्टी निराळ्या, हें येथें सांगितलें पाहिजे. हांकेनें यंत्र केवळ उठतें. त्यांतील वाचण्यास निराळी किल्ली लागते, आणि ती ठेवतांना आम्ही पुरेशी काळजी घेतली आहे. ती कशी, हें मासिकांत छापण्याजोगें नाहीं.

पुढें एका गुरुवारीं दुरुस्तीसाठीं पेठेची वीज गेली, आणि ती परत आल्यावरहि यंत्र उठेना. वीज समूळ गेली कीं उघडा ठेवलेला कानहि मिटतो, आणि यंत्र एकदां चालू झाल्यावांचून तो पुन्हां उघडत नाहीं. वीज येतांच यंत्रानें आपण होऊन उठावें आणि अर्ध्या तासानें आपण होऊन निजावें, अशी आज्ञा देऊन तें प्रकरण मिटविलें. परंतु त्यानंतरच्या सोमवारीं पुन्हां तेंच. वीज गेलेली नव्हती. मीं सर्व मांडणी मनांतल्या मनांत दहा वेळां तपासली, आणि शेवटीं शाळेंतून थेट पेठेंत गेलों. भिंतीवरची कळ बंद होती. काकू म्हणाल्या, "अरे, कुलूप लावलेल्या खोलींतून रोज सकाळीं घूं घूं आवाज येतो! मीं किल्लीनें उघडून पाहिलें, तर यंत्र चालू. तुम्ही विसरला असाल, म्हणून मीं बंद केलें. उगीच बिल कशाला?"

मीं त्यांचे आभार मानले व कळ लावली. घरीं येऊन आजोबांना सांगितलें. ते पुष्कळ हंसले; शस्त्रक्रियेनंतर इतके हंसतांना मीं त्यांना पाहिलें नव्हतें. मग त्यांनीं मला कागद आणावयास सांगितलें, आणि दारावर लावावयाच्या पाटीचा मजकूर सांगितला. तो मीं जाड पुठ्यावर उतरून दुसऱ्या दिवशीं दारावर लावला. तो असा:

'आंत कोणी नाहीं. यंत्र दुरून चालविलें जातें. आवाज आल्यास घाबरूं नये, कडी वाजवूं नये व कळ बंद करूं नये. बिऱ्हाड चालू आहे.'